डॉक्टरांना काय सांगायचं

३ सप्टेंबर १९९९, शुक्रवार

आज मद्रासेत अण्णा सालै रस्त्यावरच्या आमच्या विमा ऑफिसच्या फाटकात पुन्हा सभा. झेंडे, घोषणा, आणि टेबलावर उभा राहिलेला एक पुढारी. खाजगी कंपन्यांना दार उघडलं की सरकारी विमा बुडालाच, असं तो घसा फोडून सांगत होता. कारकून मंडळी टाळ्या वाजवून कॉफीला गेली. मी बाजूला उभा. एजंट म्हणजे ना घरचा ना पाहुणा. पगारी माणसानं संप केला तर पेपरात बातमी येते. एजंटानं संप केला तर त्याच्या बायकोशिवाय कुणाला कळायचं नाही.

तेरा वर्षं मेडिक्लेम विकतोय. त्याआधी आगीचा आणि मोटारीचा विमा विकत होतो. गोदाम जळालं तर गोदामवाला रडतो, संपलं. माणसाच्या आजारपणाचा विमा विकायला मात्र माणसं ओळखावी लागतात. मैलापूर, अड्यार, वेलचेरी मिळून तीनशे चाळीस घरं माझी आहेत, त्यातली सव्वाशे आपल्या तंजावरकडच्या मराठी लोकांची. रिन्यूअलच्या दिवशी मी स्वतः जातो, कॉफी घेतो, फॉर्म भरतो, सही तेवढी त्यांची. असा माणूस परदेशी कंपनी कुठून आणणार, विमानातून?

तरी सभा ऐकून घरी आलो तेव्हा जीव थाऱ्यावर नव्हता. वय छप्पन्न. पुढं एजंटांनाही परीक्षा द्यावी लागणार म्हणे. अलमेलूला सांगितलं तर म्हणाली, "मग द्या कीं परीक्षा. विशालाची जुनी पुस्तकं अहेत अस्कीं." लेकीची सगळी पुस्तकं म्हणे! बायकोला नवऱ्याची थट्टा करायला कुठलंही निमित्त पुरतं.

वडील म्हणायचे, रोज चार ओळी मराठीत लिही, नाहीतर आपली भाषा स्वयंपाकघरातून बाहेर पडायची नाही. पुण्याहून टपालानं येणाऱ्या मासिकांवरून लिहायला शिकलो. आज चारच्या जास्त झाल्या.

१४ सप्टेंबर, मंगळवार

नागोजीला काल अड्यारच्या एका नर्सिंग होममध्ये दाखल केलं. नागोजी माझा शाळेपासूनचा दोस्त, गणिताचा रिटायर्ड मास्तर, दोन गल्ल्या पलीकडं राहतो. पायाची जखम चिघळली. साखर सोळा वर्षांची जुनी. फॉर्मवर 'पूर्वीचा आजार' या रकान्यात मात्र मी तेरा वर्षं 'नाही' लिहीत आलोय. त्याच्याच नव्हे, सगळ्यांच्याच.

का, ते आपल्या लोकांत राहिल्याशिवाय कळायचं नाही. उभ्या मद्रासेत आपली घरं किती, आणि त्यात लग्नाची मुलं-मुली किती! एखाद्या घरचा आजार कागदावर चढला की तो कागद ऑफिसातल्या कुणाच्या तरी मेहुणीपर्यंत पोचतो आणि ठरलेलं लग्न मोडतं. म्हणून लोक मला तोंडानं सगळं सांगतात, लिहू काही देत नाहीत. स्थळ बघणारेही मलाच गाठतात. "त्या घरांत कांही अहे कां, व्यासराज?" मी म्हणतो, कॉफी चांगली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता फॉर्मवर एकदा 'नाही' लिहिलं की हॉस्पिटलातही 'नाही'च म्हणावं लागतं. केसपेपरवर 'सोळा वर्षांपासून' असं आलं, की जुना आजार लपवला म्हणून क्लेम गेलाच. म्हणून डॉक्टरांची फेरी यायच्या आधी जाऊन मी नागोजीची तालीम घेतली.

"कधीपासून दुखतंय?"

"मागच्या महिन्यापासून..."

"चुकलं. कालपासून."

"काल म्हणून सांगितलं तर पाय बघून कोण खरं मानील?"

"बरं, चार दिवसांपासून. साखर?"

"सोळा..."

"नागोजी!"

"सरि, सरि. कधी तपासलीच नाही म्हणून सांगतो."

साखरेच्या गोळ्याही त्याच्या खिशात ठेवायला लावल्या, नर्सनं बघितल्या तर? जन्मभर पोरांकडून पाढे पाठ करून घेतलेला माणूस. आज त्याच्याकडून मी घेतले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर सापडली, कागदावर 'नव्यानं आढळली' असं आलं. इकडं क्लेम सुरक्षित, तिकडं औषध सुरू. कुणाचं काय बिघडलं?

२७ सप्टेंबर, सोमवार

परदेशी भागीदार घेऊन येऊ घातलेल्या एका कंपनीचा माणूस आज घरी आला. नाव चंद्रमौळी, तिशीचा, गळ्यात टाय, बुटांना वेलचेरीचा चिखल. खाजगी विम्याचं विधेयक अजून लोकसभेत यायचंय, पण यांनी अड्यारला गारेगार ऑफिस थाटलंसुद्धा. अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी बोलतो.

मला वाटलं, किती पॉलिसी विकतो ते विचारेल. त्यानं विचारलं, "सर, तुमच्या गिऱ्हाइकांचे किती क्लेम नाकारले गेले?"

"तीन."

"शंभरात?"

"तेरा वर्षांत."

त्यानं पेन खाली ठेवलं. कसं जमतं, म्हणाला. मी सांगितलं, पेशंट हॉस्पिटलात जाण्याआधी त्याला तयार करतो, बस. तो हसला, पण चेष्टेनं नव्हे. म्हणाला, "सर, उद्या बँकेच्या खिडकीवर पासबुकाबरोबर पॉलिसी मिळेल. मग एजंटाकडं कोण येईल? तुमच्यासारख्याकडं येतील. याचसाठी येतील."

तीन आठवडे छातीवर बसलेला दगड जरा हलला. माझी विद्या जुनी झालेली नाही तर!

अलमेलू कॉफी ठेवून आत गेली आणि दाराआड तिच्या निळ्या नळीचा दोनदा फुस्स आवाज झाला. चंद्रमौळीनं मान वर केली. "कुकर," मी म्हणालो.

१० ऑक्टोबर, रविवार

कुंभकोणमच्या वेंकोबा रावांकडून विशालासाठी विचारणा आली. मुलगा पेरुंगुडीला एका कंप्युटर कंपनीत आहे. पोरगी तेवीस वर्षांची, शिकलेली, चांगली दिसणारी. यापेक्षा चांगलं स्थळ आपल्यात आज दुसरं नाही.

अलमेलूला दमा आहे हे मला लग्नानंतर अकराव्या दिवशी कळलं. सासऱ्यांनी लपवलं होतं. तेव्हा मी त्यांच्याशी दोन वर्षं बोललो नाही. आता स्वतः मुलीचा बाप झाल्यावर त्यांचा राग येत नाही. तिची ती फवाऱ्याची नळी मी वेलचेरीत घेत नाही, अड्यारला जाऊन घेतो, कारण इथल्या औषधवाल्याची बायको आपल्यातली. तिला पाहणारे तिरुवल्लिक्केणीचे म्हातारे डॉक्टर मोठे गुणी होते, कधी कागद म्हणून केला नाही त्यांनी. गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून तिला कुणाला दाखवलेलं नाही. तशी गरजही पडली नाही.

वेंकोबा रावांनी फोनवर विचारलं, "घरांत आजार-बिजार कांही नाही नव्हे?"

म्हटलं, "विमावाल्याचं घर. काय असणार?"

दोघंही मनमोकळं हसलो. अलमेलू जवळच बसून फुलं ओवत होती. ती काही हसली नाही.

८ नोव्हेंबर, सोमवार

काल दीपावळी. पहाटे तेल लावून गंगास्नान आटोपतं न आटोपतं तोच गल्लीत फटाक्यांच्या माळा सुरू झाल्या. धूर घरात कोंडला. अलमेलू पाठीशी दोन उशा घेऊन दिवसभर बसून राहिली. तळण विशालानं काढलं आणि अर्धं करपवलं. सणाचा विचका.

दुपारी अलमेलू म्हणाली, "एकदां मोठ्या डॉक्टराला दाखवूं या कां? यंदा जरा जास्तच अहे."

मी म्हटलं, स्थळाचं ठरून जाऊ दे. मोठा डॉक्टर म्हणजे मोठा कागद. आणि तो कागद आपल्याच ऑफिसात गेला तर माझं नाक कापलं जाईल.

ती म्हणाली, "मग असं करा. माझं नांव त्या पॉलिसींतून काढून टाका. म्हणजे मला अस्कं सांगतां येईल."

मी एवढ्यानं हसलो की विशाला स्वयंपाकघरातून बाहेर आली. सत्तावीस वर्षं संसार करून बाईला विमा म्हणजे काय ते कळलेलं नाही! एजंटाच्या बायकोलाच पॉलिसी नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? नवी कंपनी काय म्हणेल?

२३ नोव्हेंबर, मंगळवार

पाच दिवस गल्लीत गुडघाभर पाणी. भिंतींना ओल आली आहे, कपडे वाळत नाहीत. अशातही चंद्रमौळी पॅंट दुमडून आला. जानेवारीत नव्या एजंटांचा वर्ग भरणार आहे, तीस पोरं. त्यात 'क्लेम' हा धडा मी शिकवायचा! कंपनीला परवाना मिळाला की वरिष्ठ सल्लागार अशी जागा. ज्या माणसाला उद्या परीक्षेला बसवणार होते त्याला मास्तर करून खुर्ची देताहेत. देव आहे म्हणायचा.

अलमेलूला सांगितलं. तिनं मान डोलावली. हल्ली ती शब्द पुरवून पुरवून वापरते.

२ डिसेंबर, गुरुवार

लोकसभेत विधेयक पास झालं. ऑफिसात सुतकासारखी शांतता होती. पंचवीस वर्षं फाइली सांभाळणारा सुब्बा टेबलावर हात ठेवून नुसता बसला होता. दुपारपासून घरी फोन. "थांबूं कां व्यासराज, नवे लोक स्वस्तांत देतील म्हणून ऐकलं." प्रत्येकाला एकच सांगितलं, पॉलिसी कुणाचीही घ्या, हॉस्पिटलात तुमच्या उशाशी कोण येऊन बसणार ते आधी विचारा. चौघांतल्या तिघांनी तिथंच रिन्यूअलची तारीख पक्की केली.

मागच्या आठवड्यात आणलेली नळी संपली म्हणते अलमेलू. ती महिनाभर पुरायची. गळत असणार. दुकानदाराला विचारलं पाहिजे. आज जाता येता दोन आणून ठेवल्या.

९ डिसेंबर, गुरुवार. दुपारचे पावणेतीन, नर्सिंग होमचा व्हरांडा

सकाळी अलमेलूच्या छातीत धडधड सुरू झाली. हात कापत होते, नाडी मोजता येईना इतकी पळत होती. ती म्हणाली, कालपासून नळी जरा जास्त घेतली, त्यानं असेल. मी म्हटलं, धडधडीचा नि श्वासाचा काय संबंध? ऑटो आणली.

निघताना विशालानं पिशवीत नळी टाकली. मी ती काढून कपाटात ठेवली. नर्सच्या हाती लागली असती तर एवढ्याशा नळीपायी तेरा वर्षांचं 'नाही' खोटं ठरलं असतं. "असूं द्या, अप्पा," विशाला म्हणत होती. तिला समजावलं, चार तासांचा प्रश्न आहे.

ऑटोत अलमेलूची तालीम घ्यायला लागलो तर म्हणाली, "मला येतं."

आणि खरंच येत होतं. डॉक्टर तरुण आहे, अठ्ठावीसचा असेल, पण शांतपणे एकेक विचारणारा. कधीपासून? आज सकाळपासून. याआधी असं? नाही. बी.पी., साखर? नाही. दमा, खोकला, श्वासाचा काही त्रास? तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "कांही नाही," म्हणाली. कुठलं औषध चालू आहे? नाही. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. नागोजीपेक्षा कितीतरी सफाईनं. मला तिचा अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू.

डॉक्टरनं छाती ऐकली, साफ आहे म्हणाला. काळीज फार वेगानं पळतंय, त्याला आवरायचं इंजेक्शन देतो, एक दिवस राहू द्या. ते दिलं. धडधड कमी झाली म्हणून विशाला आत्ताच सांगून गेली. बरं झालं. उद्या वेंकोबा रावांना फोन करायचाय.

२१ डिसेंबर, मंगळवार

आज तेरावा झाला. जे झालं ते सरळ लिहितो.

वही मिटून मी आत गेलो तेव्हा अलमेलू उठून बसली होती. छातीतून शिट्टी वाजत होती, सत्तावीस वर्षं माझ्या ओळखीची शिट्टी. तिनं दोन बोटं तोंडाशी नेऊन दाबल्यासारखं केलं. नळी मागत होती. डॉक्टर धावत आला आणि त्यानं मला विचारलं, "यांना पूर्वी असं कधी झालं होतं का?"

मी म्हणालो, "नाही. पहिल्यांदाच."

विचार करून नाही म्हणालो. तोंडातून आलं. तेरा वर्षं जीभ जे म्हणत आली तेच म्हणाली. डॉक्टरला वाटलं, काळजानं दगा दिला, फुप्फुसांत पाणी झालं. त्यानं त्यावरचं औषध दिलं. किती मिनिटं गेली मला माहीत नाही. अलमेलू माझ्याकडंच बघत होती. तिलाही बोलता आलं असतं सुरुवातीला, पण ती बोलली नाही. मी नाही म्हणालो होतो ना. नवऱ्याला खोटं पाडायचं कसं?

विशाला खाली औषधं आणायला गेली होती. ती दारात आली, आईकडं पाहिलं आणि किंचाळली, "अम्माला लहानपणापासून दमा आहे!" मग सगळी धावपळ बदलली. दुसरं औषध, ऑक्सिजनच्या नळ्या, आणखी एक डॉक्टर. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी हात थांबवले.

तो पोरगा व्हरांड्यात माझ्यापुढं उभा राहिला. "दमा असलेल्याला ते इंजेक्शन देत नाहीत, सर," म्हणाला. "मी विचारलं होतं. तुमच्यासमोर विचारलं होतं."

हो. विचारलं होतं.

मी तिला मारलं. इंजेक्शन त्यानं दिलं, पण मारलं मी. लोक येतात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात, केवढी पुण्यवान, सवाष्ण गेली म्हणतात. मला ओरडावंसं वाटतं. ओरडत नाही.

२४ डिसेंबर, शुक्रवार

वेंकोबा राव समाचाराला आले. कुंभकोणमहून मुद्दाम आले, सज्जन माणूस. नर्सिंग होमच्या कागदावर काळजाचं दुखणं, अचानक मृत्यू, एवढंच आहे. दम्याचं अक्षर नाही. डॉक्टरनं स्वतःला वाचवायला लिहिलं नाही आणि मी लिही म्हणालो नाही.

ते म्हणाले, "अचानकच कां म्हणजे? आधीं कांही नव्हतं नव्हे?"

मी 'नव्हतं' म्हणायला तोंड उघडलं. देवाशपथ, उघडलं होतं. बायकोच्या तेराव्याला तीन दिवस झाले होते.

विशाला कॉफी ठेवत होती. ती म्हणाली, "दमा होता, मामा. लहानपणापासून. आम्हीं अस्क्यांनी लपवून ठेवला होता."

वेंकोबा रावांनी कॉफी अर्धीच घेतली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "कळवितों." आपल्यात 'कळवतो' म्हणजे काय ते मला माहीत आहे. हजार घरांत मीच तो निरोप पोचवलाय.

ते गेल्यावर विशालाकडं मी बघितलं असेन. ती म्हणाली, "तुम्हाला सांगायला येत नाही, अप्पा. मला येतं." त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं, निघून गेली.

२८ डिसेंबर, मंगळवार

अलमेलूचा क्लेम मंजूर झाला. मी केला नव्हता. ऑफिसातल्या सुब्बानं मदत म्हणून सहाव्या दिवशीच घरी येऊन माझी सही नेली होती. कशावर सही करतोय ते मी पाहिलं नाही. माझी गिऱ्हाइकंही कधी पाहत नाहीत.

चंद्रमौळी आला. बूट बाहेर काढून, खाली मान घालून बसला. वाईट माणूस नाही. मग म्हणाला, "सर, अशा वेळी बोलू नये. पण एवढ्या लवकर मंजूर, एकही प्रश्न नाही, एकही कागद मागितला नाही. आमच्या वर्गात हाच क्लेम शिकवायला हवा." वर्ग दहा जानेवारीला आहे. तोवर थांबतो म्हणाला.

मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. 'नाही' हा शब्द आता मला उच्चारवत नाही.

३१ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी दहाला फोन. नागोजी. सरोजा, त्याची बायको, काल न्हाणीघरात पडली. डोक्याला मार, शुद्ध अर्धवट. मैलापूरच्या एका हॉस्पिटलात आहे. सरोजाला फिट येतात, बावीस वर्षांपासून; रोज दोन वेळा गोळ्या घेते म्हणून चालतं-बोलतं घर आहे. हे तिच्या सुनेलासुद्धा माहीत नाही. धाकट्या मुलाचं लग्न फेब्रुवारीत आहे.

"व्यासराज, डॉक्टरीणबाई येणार अहे आत्तां. याआधीं कधीं पडली कां म्हणून विचारील. काय सांगूं?"

मी म्हणालो, "अस्कं सांग."

"म्हणजे?"

"फिट, बावीस वर्षं, गोळ्यांचं नाव. अस्कं."

"आणि क्लेम?"

"जाईल."

"लग्न?"

"मला ठाऊक नाही, नागोजी."

तो म्हणाला, "मग तूं कशाला अहेस?" आणि फोन ठेवला.

हे मी रिसीव्हर हातात घेऊन उभ्या उभ्या ऐकलं. खरंच, मी कशाला आहे? पॉलिसी उद्या बँकेच्या खिडकीवर मिळेल. तेरा वर्षं माझ्याकडं विकायला एकच गोष्ट होती.

शर्ट चढवला आणि ऑटो धरली. विशालानं दारातून विचारलं, कुठं? आठवड्यातला पहिला शब्द. सांगितलं.

पोचलो तोवर डॉक्टरीणबाई तपासून टेबलाशी लिहीत होत्या. नागोजी खाटेपाशी उभा होता. मला बघून तो सरळ माझ्या अंगावर चालून आला आणि दंड धरून मला दाराबाहेर नेलं. "मी सांगितलं अहे. कालपासूनच म्हणून. पाय घसरला म्हणून. आतां तूं गप्प अस."

"गोळ्या दिल्यास तिला?"

त्यानं नकळत शर्टाच्या खिशावर हात ठेवला. गोळ्या तिथंच होत्या. कालपासून एकही दिली नव्हती. नर्सनं बघितल्या तर, म्हणाला. हे त्याला मीच शिकवलं होतं, सप्टेंबरात, अगदी याच शब्दांत.

"नागोजी, मी तुझ्या पाया पडतो."

"तुझी बायको गेली म्हणून माझं घर बुडवतोस काय रे?" शाळेपासूनचा दोस्त तो. त्याचे डोळे भरलेले होते आणि माझा दंड त्यानं दुखेल इतका घट्ट धरला होता. त्याचं काही चूक नव्हतं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सव्वाशे घरांत पोचणार होती, माझ्या धंद्यासकट, आणि फेब्रुवारीतल्या त्या लग्नासकट.

मी दंड सोडवून घेतला आणि टेबलाशी गेलो. म्हणालो, "बाई, यांना बावीस वर्षांपासून फिट येतात. रोज गोळ्या घेतात. कालपासून घेतलेल्या नाहीत. गोळ्या यांच्या नवऱ्याच्या खिशात आहेत."

त्यांनी मान वर केली. "तुम्ही पेशंटचे कोण?"

"विमा एजंट," मी म्हणालो.

मी थट्टा करतोय असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या नागोजीकडं पाहिलं, आणि केसपेपरवरचं 'कालपासून' खोडून त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं.